शून्य आणि ‘अजून ठाऊक नाही’ : सी-शार्पमध्ये या चुका टाळा

सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत क्लासच्या डेसिमल, म्हणजे दशांश संख्येच्या, फील्डला आपण काहीच किंमत दिली नाही, तर भाषा स्वतःहून त्यात शून्य भरते. नव्या मुलांना ही सोय वाटते. पण जेथे शून्य आणि ‘अजून ठाऊक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेथे तीच घात करते.

नाशिक जिल्ह्यातील एका कांदा व्यापाऱ्यासाठी मी लिलावाच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला होता. ट्रॅक्टर आवारात आला की नोंद होई आणि दर बोली लागल्यावर भरला जाई. एका दुपारी 30 ट्रॅक्टरांना क्विंटलमागे 1600 रुपयांच्या आसपास भाव मिळाला होता आणि 10 रांगेत उभे होते. स्क्रीनवर सरासरी मात्र 1200 दिसत होती, आणि तीच खरी मानून व्यापारी परगावच्या गिऱ्हाइकाला कमी भावाचा शब्द देऊन बसला. मी रात्रभर सरासरीचे सूत्र तपासत राहिलो. सूत्र बरोबर होते. न लागलेल्या बोलीचे शून्य मी दर म्हणून मोजत होतो.

त्या फील्डचा प्रकार प्रश्नचिन्ह लावून ‘डेसिमल?’ केला, तेव्हा न लागलेल्या बोलींचे दर नल, म्हणजे ‘किंमतच नाही’ असे, राहू लागले आणि लिंकचे (LINQ, याद्यांवर काम करणारी सी-शार्पमधील सोय) ॲव्हरेज, म्हणजे सरासरी, त्यांना आपोआप वगळू लागले. लिंकचे सम, म्हणजे बेरीज, मात्र सगळ्या किमती नल असल्या तरी शून्यच देते, हे ध्यानात ठेवावे.

यानंतर हमखास होणारी चूक उतावळेपणाची आहे. प्रश्नचिन्ह लावताच कंपायलर, म्हणजे कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, ठिकठिकाणी अडवतो, आणि त्याला गप्प करण्यासाठी मुले सर्वत्र ‘?? 0’ (नल असेल तर शून्य धर) लिहीत सुटतात, म्हणजे दारातून घालवलेले शून्य खिडकीतून परत घेतात. कंपायलरने अडवलेली प्रत्येक जागा हा एक खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक जागी वेगळे असते, म्हणून या आडवाटेला माझा ठाम विरोध आहे.

नावामागे उद्गारचिन्ह लावले, तर कंपायलरचा नलविषयीचा इशारा दबतो, नल जात नाही. नल असलेल्या ‘इंट?’ची, म्हणजे प्रश्नचिन्ह लावलेल्या पूर्णांकाची, 5 शी तुलना केली, तर ‘लहान’ आणि ‘मोठे किंवा समान’ ही दोन्ही उत्तरे खोटी येतात. न भरलेली डेटटाइम, म्हणजे तारीख-वेळ, सन 1 मधील 1 जानेवारी दाखवते.

प्रकार ठरवण्याआधी मी गिऱ्हाइकाची कागदी वही मागून घेतो. त्या व्यापाऱ्याच्या वहीत बोली लागेपर्यंत दराचा रकाना कोरा असे, तर उचल घेतली नसल्यास उचलीच्या रकान्यात शून्य लिहिलेले असे. म्हणून दराला प्रश्नचिन्ह आहे, उचलीला नाही.