पावसाळ्यात सायकल बंद? मग पळा, पण हळू

जून ते सप्टेंबर घाटात चिखल, खड्डे आणि घसरडे रस्ते, त्यामुळे बरेच सायकलवाले या दिवसांत रनिंग सुरू करतात. आयडिया चांगलीच आहे, कारण सायकलवर अंगाचं वजन सीट घेते, हाडांना धक्के बसतच नाहीत, आणि हाडं मजबूत राहायला ते थोडे लागतात. पण गडबड अशी होते की दम तर भरपूर असतो, शंभर किमी मारणाऱ्याला पाच किमी म्हणजे काहीच नाही वाटत, आणि पोटऱ्या, नडग्या, टाचेमागची शीर यांना मात्र आपटण्याची अजिबात सवय नसते. दम कधीच थांबवणार नाही, पायच बोंबलतात!

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे १ मिनिट पळायचं, २ मिनिटं चालायचं, एवढंच, २०-२५ मिनिटं, एक दिवसाआड. बोअर होतं, मान्य. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी मस्त, मातीचा रस्ता आहे, फक्त चढ पळत जा आणि उतार चालत या, मांड्या खऱ्या उतारावरच भरतात. लांब ढांगा टाकू नका, छोटी पटापट पावलं टाका. पळताना हार्ट रेट सायकलपेक्षा जरा जास्तच दिसतो, घाबरू नका, सायकलचे झोन (हार्ट रेटचे ठरवलेले टप्पे) इथे लावू नका. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरला दाखवा. आठवड्यातून एकदा ट्रेनरवर (घरातच सायकल लावून चालवायचा स्टँड) पाय फिरवत राहा. ओल्या शूजमध्ये रात्री पेपरचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत बऱ्यापैकी सुकतात.