लाइटहाउस आणि बुडालेल्या जहाजांची पुस्तकं: प्रवासासाठी आणि मुलांसाठी कशी निवडायची, कशी वाचायची

लाइटहाउसवरचं पुस्तक शोधायला गेलं की पहिल्यांदा हाताला लागतात ती मोठ्ठाल्या गुळगुळीत फोटोंची पुस्तकं, केशरी आभाळ आणि खाली दोन ओळी. दिसायला झकास, पण मुलं दहा मिनिटांत बाजूला टाकतात आणि प्रवासात बॅगेला नुसतं ओझं. माझं म्हणणं साधं आहे, लाइटहाउस एकटं वाचायचंच नाही, त्याच्या जोडीला त्या खडकावर फुटलेलं जहाज वाचायचं, आणि क्रमही तसाच ठेवायचा, आधी जहाज मग दिवा. नाहीतर मुलांना कळतच नाही की एवढा खटाटोप केला कशासाठी.

म्हणजे बघा, स्कॉटलंडच्या पूर्वेला समुद्रात बेल रॉक आहे, भरतीला हा खडक अख्खा पाण्याखाली जातो, त्यामुळे खलाशाला तो दिसायचाच नाही. १८०४ मध्ये एचएमएस यॉर्क ही युद्धनौका सगळ्या माणसांसकट गेली, ती याच खडकावर फुटली असं मानतात, आणि त्यानंतर दिव्याच्या मागणीला जोर आला. १८०७ ला काम सुरू, १८११ ला दिवा पेटला, आणि खडकावरचं सुरुवातीचं काम फक्त ओहोटीच्या वेळात. हे सगळं सांगणारं पुस्तक घ्या, नुसतं ‘उंची इतकी, रंग पांढरा’ सांगणारं ठेवून द्या.

पुस्तक हातात आलं की आधी तीन गोष्टी चाळायच्या: नकाशा आहे का, मनोऱ्याचा आतून कापून दाखवलेला छेद आहे का, आणि मागे सूची आहे का. छेद असला की मुलं त्या एका पानावर बराच वेळ रमतात, जिना कुठे, तेल कुठे ठेवायचे, माणसं झोपायची कुठे. इंग्लंडच्या एडिस्टन खडकावर तर एकामागून एक चार मनोरे झाले. पहिला १६९८ चा, तो १७०३ च्या महावादळात गेला आणि बांधणारे विन्स्टनली त्या रात्री आतच होते, तेही गेले. दुसरा बराचसा लाकडाचा, तो १७५५ ला जळाला. मग स्मीटन नावाच्या इंजिनिअरनी ओकच्या बुंध्यासारखा खाली रुंद वर निमुळता असा दगडी मनोरा बांधला, दगड एकमेकांत खाचा पाडून अडकवलेले, १७५९ ला दिवा लागला. आणि गंमत म्हणजे मनोरा धडधाकट पण त्याच्याखालचा खडकच खचायला लागला, म्हणून १८८२ ला बाजूला चौथा बांधला आणि स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग उचलून प्लिमथला किनाऱ्यावर उभा केला. तिथे चढून जाता येतं, म्हणजे पुस्तकातला छेद आणि पायाखालचा जिना ताडून बघता येतो. प्रवासासाठी अशीच जागा निवडा, कारण बरेच खडकावरचे मनोरे लांबून बोटीतूनच दिसतात.

लहान मुलांना जहाजबुडी द्यायची तर स्वीडनचं वासा हे जहाज द्या. १६२८ साली पहिल्याच सफरीवर निघालं आणि बंदरातच, जेमतेम सव्वा किलोमीटर गेल्यावर आडवं झालं. वर तोफा जड, खालचा भाग अरुंद. त्याआधी तीस माणसांना डेकवर या कडेकडून त्या कडेकडे आडवं पळवून चाचणी घेतली होती, जहाज इतकं डोलायला लागलं की तिसऱ्या फेरीनंतर थांबवावं लागलं, तरी निघालंच! हे वाचून झालं की बादलीत खेळण्यातली बोट सोडा, आधी नाणी तळाशी ठेवा मग तीच उंचावर ठेवा, पुढचं मूल स्वतःच सांगतं. १९६१ ला हे जहाज वर काढलं, स्टॉकहोमच्या म्युझियममध्ये ठेवलंय.

आता वयाचं. सगळ्याच जहाजबुड्या मुलांच्या नसतात हां, १६२९ चं बटाव्हिया हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलं, पण खरी गोष्ट त्यानंतर वाचलेल्यांच्यातच झालेल्या खुनांची आहे, ती मोठ्या मुलांनाच, आणि तीही आधी स्वतः वाचून. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेलं एंड्युरन्स हे जहाज मात्र बिनधास्त द्या, १९१५ ला बर्फात चिरडून बुडालं पण अठ्ठावीसच्या अठ्ठावीस माणसं जगली.

पुस्तक किती खरं बोलतं हे बघायला माझी एक ठरलेली परीक्षा आहे. स्कॉटलंडजवळच्या फ्लॅनन बेटांचं प्रकरण उघडायचं, १९०० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या लाइटहाउसचे तिन्ही रखवालदार गायब झाले. पुस्तक म्हणालं की टेबलावर अर्धवट जेवण तसंच होतं, तर ते भुताटकी विकतंय, कारण तो तपशील नंतरच्या १९१२ च्या एका कवितेतून आलाय, प्रत्यक्षात भांडी स्वच्छ करून ठेवलेली होती आणि चौकशीचा निष्कर्ष लाटेने ओढून नेलं असाच होता. लाइटहाउसच्या रखवालदाराची मुलगी ग्रेस डार्लिंग, तिचंही तसंच, १८३८ ला ती वडिलांसोबत वल्ही मारत फुटलेल्या फॉरफरशायर जहाजावरच्या लोकांना वाचवायला गेली, एकटी नाही. वडिलांना गाळणारं पुस्तक असेल तर बाकीचंही जरा जपूनच.

छापल्याचं वर्षही बघा. टायटॅनिकचे अवशेष १९८५ ला सापडले आणि दोन तुकडे झालेले दिसले, त्याआधीच्या पुस्तकांत ते अखंड बुडालेलं असू शकतं. एंड्युरन्स तर २०२२ ला सापडलं.

प्रत्यक्ष जाताना खलाशांसाठी काढलेली दिव्यांची यादी सोबत ठेवा, जवळपासच्या दिव्यांची उघडझाप वेगवेगळी असते आणि ती तिथे सेकंदात दिलेली असते. अंधार पडला की मुलाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच द्या, एका चमकेपासून तोच क्रम पुन्हा सुरू होईपर्यंत मोजायला लावा आणि यादीतला आकडा मात्र त्याचं उत्तर येईपर्यंत दाखवू नका.