महिन्याला किती बॅकलिंक?

एसईओच्या, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायच्या कामाला नव्याने लागलेली मुलं-मुली मला सगळ्यात आधी हेच विचारतात: "ताई, महिन्याला किती लिंक करायच्या?" लिंक म्हणजे बॅकलिंक, दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटला मिळालेला दुवा. पुण्यात पहिल्या नोकरीला लागले तेव्हा मीही हेच विचारलं होतं आणि मला आकडाच मिळाला होता. रोज चाळीस. एक्सेलच्या शीटमध्ये डिरेक्टरी, बुकमार्किंग, ब्लॉग कमेंट असे रकाने असायचे. चाळीस ओळी भरल्या की घरी जायला मोकळे.

एका फर्निचरवाल्यांच्या नव्याकोऱ्या साइटसाठी आम्ही दोन महिन्यांत दीड हजारांच्या वर लिंक केल्या. जवळजवळ सगळ्यांचा अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्यावर क्लिक करतात ते शब्द, एकच, "पुण्यातील स्वस्त फर्निचर". साइट भराभर वर आली, ऑफिसात पेढे वाटले गेले. मग सर्च कन्सोलमध्ये (गूगल साइटमालकांना जिथे कळवतं ते टूल) अनैसर्गिक लिंकबद्दल मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची नोटीस आली आणि साइट शोधूनही सापडेना. पुढचे तीन महिने मी त्याच लिंक काढत बसले. साइटवाल्यांना मेल करायचे, ज्यांचं उत्तर येत नाही त्यांची डोमेन टेक्स्ट फाइलमध्ये लिहून 'या लिंक धरू नका' असं गूगलला सांगणाऱ्या डिसअव्हाउ टूलमध्ये टाकायची, मग गूगलकडे फेरविचाराचा अर्ज. पहिला अर्ज फेटाळला गेला. तोवर त्या गृहस्थांच्या दुकानातला फोन वाजेनासा झाला होता. ते मला अजून टोचतं.

हे का होतं, ते समजून घ्या. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये पानांचं महत्त्व मोजायची पेजरँकची कल्पना मांडली, तिच्या मुळाशी लिंक म्हणजे एका पानाने दुसऱ्याची केलेली शिफारस. पुढे शिफारशी विकत मिळू लागल्या, आणि २४ एप्रिल २०१२ ला गूगलने अशा लिंकना आळा घालणारं पेंग्विन अपडेट आणलं. सप्टेंबर २०१६ पासून ते मुख्य अल्गोरिदममध्येच सामावलंय. आता अशा लिंकना सहसा किंमतच दिली जात नाही, म्हणजे विकत घेतलेल्या लिंकचे पैसे बहुतेक वेळा पाण्यात. मॅन्युअल ॲक्शनची भीती मात्र आहेच.

लिंक किती वेगाने याव्यात याचा कुठलाही आकडा गूगलने दिलेला नाही. तुमच्या कामाची बातमी झाली आणि एका दिवसात दोनशे लिंक आल्या, तर त्यात वावगं काही नाही. कारण नसताना, एकाच शब्दांत, कोणी वाचत नाही अशा पानांवरून आलेल्या वीस लिंकही डोळ्यांवर येतात.

मी हे खऱ्या अर्थाने शिकले ते कोकणात, समुद्री कासवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वेळासजवळच्या एका घरगुती निवासाच्या साइटवर. काकू एकट्याच सगळं बघतात. खोल्यांचं वर्णन कसं लिहायचं यावर आमचं फोनवर चाललं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, भाडं लोक शेवटी विचारतात. आधी विचारतात, वेश्वीची शेवटची फेरीबोट किती वाजता, आणि कासवाची पिल्लं नक्की दिसतील ना."

आम्ही त्यावरच पान केलं. बागमांडला ते वेश्वी फेरीबोटीच्या वेळा, गाडी न्यायची तर किती आधी पोचायचं, मोबाईलला रेंज कुठे जाते, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात पण रोज दिसतीलच असं का सांगता येत नाही. दोन महिने एकही लिंक आली नाही. मग ताम्हिणीमार्गे सायकलने आलेल्या एकाने आपल्या ब्लॉगवर पानाचा दुवा दिला. पाठोपाठ पक्षीनिरीक्षकांचा एक गट, एका शाळेच्या सहलीचं पान. आठ महिन्यांत अकरा. त्यातली एक वर्तमानपत्राची होती, तीही नोफॉलो (शिफारस म्हणून धरू नका, असं गूगलला सांगणारी), पण बुकिंगचे सगळ्यात जास्त फोन तिच्यामुळे आले.

म्हणून नव्या साइटला पहिले दोन-तीन महिने लिंकच्या मागे लागू नका. गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची माहिती), ओळखीच्या संस्था, माल देणारे-घेणारे, एवढ्यांवर थांबा. ज्याचा कोणाला उपयोग होईल असं एक पान आधी तयार करा. नंतर आठवड्याला दोन मेल पुरेत, पण एकेक हाताने लिहिलेला. कोणाला तरी काही सुचवून लिहिलेल्या मेलला उत्तर येतं. माझा एक मेल एवढाच होता: "तुमच्या कोकण सहलीच्या लेखात संध्याकाळच्या फेरीबोटीची वेळ जुनी आहे. आता बोट आधी सुटते. वाचकांची खोटी होऊ नये म्हणून कळवते. नव्या वेळा या पानावर आहेत." त्यांनी त्याच दिवशी वेळ दुरुस्त केली आणि दुवाही दिला. मी दुवा मागितलाही नव्हता.

कोणी लिंक दिल्यावरही गूगलने त्यांचं ते पान पुन्हा वाचायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. रोज रँक बघून क्लायंटला कळवत बसलात तर घाबरून तुम्ही परत चाळीसच्या शीटकडे वळाल. मी महिन्यातून एकदाच बघते.

दर जानेवारीत, कासवाच्या पिल्लांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, काकू जेट्टीवर जाऊन वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढून मला पाठवतात. मी पानावरच्या वेळा बदलते आणि वर नवी तारीख घालते.