हिवाळ्याच्या तोंडावर सुटलेली सायकल पुन्हा कशी सुरू झाली

कोजागिरीपर्यंत माझी सायकल नियमित चालत होती; पहाटे साडेपाचला निघून सिव्हिल लाइन्समार्गे फुटाळा तलाव गाठायचा आणि सातच्या आत घरी परतायचे, हा क्रम होता. दिवाळीनंतर मात्र तो मोडला, कारण नागपुरात ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या सुमारास उगवणारा सूर्य डिसेंबरअखेर पावणेसातनंतर वर येतो, आणि मुलीची शाळेची बस सातला दारात असते.

गजर आणखी लवकर लावून काहीच साधले नाही. अखेर मी सायकल ऑफिसच्या वाटेतच गुंफली: मंगळवारी आणि गुरुवारी मुलीला बसमध्ये बसवून, सेमिनरी हिल्सचा चढ घेत सायकलनेच कामावर जातो, आणि कपड्यांचा एक जोड आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठेवतो. लांबची फेरी फक्त रविवारी, ऊन वर आल्यावर. डिसेंबरात सहालाच अंधारून येते, म्हणून मागे लाल दिवा कायमचा बसवून घेतला. माझ्या मते हा खर्च कोणीही टाळू नये. गारठ्यात टायरमधील हवेचा दाब उतरतो, त्यामुळे तो दर आठवड्याला तपासतो. चढावर घाम येतोच, तेव्हा जाड स्वेटरऐवजी पातळ विंडचीटर आणि हातमोजे पुरतात. गेल्या महिन्यात एकही गुरुवार चुकला नाही.