केमोनंतर घरच्या घरी मसाज: चोळायचं नाही, हात फिरवायचा

आमच्या सोलापुरात मालिश म्हटलं की बाळंतिणीची आठवते, अंग लाल होईस्तोवर रगडायची. स्तनाच्या कॅन्सरची केमो घेऊन माझी अक्का बार्शीहून घरी आली, तेव्हा मीही तसेच तिचे पाय चोळले. सकाळी पोटऱ्यांवर काळेनिळे डाग! तिचे प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, उतरलेले होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. प्लेटलेट्स किती आहेत? आजार हाडांत गेलाय का? पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती आहे का? एकाच पोटरीला सूज असेल, ती गरम लागत असेल, दुखत असेल, तर हात न लावता दवाखाना गाठा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तरी तेच.

‘मालिशने गाठ पसरते’ असं घरोघरी ऐकू येतं. हलक्या हाताने कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही. उलट उपचारांनंतर रेंगाळणाऱ्या दुखण्यासाठी मसाज देता येईल, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. मात्र गाठीची जागा, टाके, रेडिएशनचा शेक दिलेली त्वचा आणि केमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) यांना हात लावू नका.

ऑपरेशनच्या बाजूचा हातही सोडा. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. बांगडी अचानक घट्ट झाली, हात जड वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. या सुजेसाठी वेगळा मसाज असतो. डेन्मार्कच्या वॉडर दांपत्याने १९३० च्या दशकात त्याची पद्धत बसवली. तो शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावा.

आता घरचा मसाज. नखं कापा, अंगठ्या-बांगड्या काढा, हात साबणाने धुवा. साधं खोबरेल घ्या. केमोच्या दिवसांत सुवासिक तेलानेही मळमळतं. उन्हाळ्यात दुपारी नको, ऊन उतरल्यावर बसा. पेशंटला उशीला टेकवून बसवा, गुडघ्याखाली आपल्याकडचा जाड टॉवेल गुंडाळून ठेवा.

पावलापासून सुरुवात करा. गालाला क्रीम लावताना जितका दाब देतो, तितकाच. पूर्ण तळवा टेकवून बोटांकडून टाचेकडे सावकाश या. अंगठ्याने दाबू नका. एका पावलाला पाच मिनिटं पुरे. काही केमोच्या औषधांनी तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मग जास्त दाब पडला तरी तिला कळत नाही. म्हणून तिच्या ‘चालेल’वर विसंबू नका, हात आणखी हलका ठेवा. नंतर ऑपरेशन न झालेल्या बाजूचा हात घ्या, सुई लावलेली जागा सोडून. डोक्याला तिने सांगितलं तरच हात लावा. केस गळताना टाळू हुळहुळी होते.

मसाज झाला की पाय नुसते सैल सोडायला सांगा. मग पावलं पाच सेकंद आवळून पंधरा सेकंद ढिली सोडायची, पुढे पोटऱ्या, मांड्या, खांदे. ही अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची पद्धत. ऑपरेशनच्या बाजूचा हात आणि खांदा मात्र आवळू देऊ नका. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. तिला नको असेल तर नुसतं शेजारी बसा.

शेवटी तळव्यांवरचं तेल नीट पुसा, शहाबादी फरशीवर पाय घसरतो. अक्काला बऱ्याचदा मधेच डोळा लागायचा. मी चादर ओढून दिवा मालवायची, उरलेला पाय दुसऱ्या दिवशी.