आधी थर्मामीटर, मग चहा

चहा पिऊन लगेच जिभेखाली थर्मामीटर धरला की नसलेला ताप दिसतो. परवा सांगलीत आमच्या घरी हेच झालं. सासूबाईंचा आकडा १०० च्या वर! गाडी काढायच्या बेतात होतो. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, तर ९८.४. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट: बर्फ घातलेला उसाचा रस पिऊन आलेल्या पोराचा खरा ताप त्या गारव्यात झाकला जातो.

१. आजाऱ्याला काही प्यायला देण्याआधीच ताप मोजा. सगळ्यात सोपं हेच.
२. पिऊन झालं असेल तर ३० मिनिटं थांबा. गार पाण्याची चूळ भरली असली तरीही.
३. टोक जिभेखाली, अगदी मागे, एका कडेला. ओठ मिटून श्वास नाकाने. मध्ये बोलायचं नाही (आमच्याकडे हीच पायरी अवघड!).
४. थांबायला वेळ नसेल तर काखेत लावा, पण घाम पुसून. तिथला आकडा तोंडापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो.

वहीत आकड्याशेजारी वेळ आणि 'तोंड' की 'काख' हेही लिहा, डॉक्टर विचारतातच.

मोजायचंय म्हणून तहानलेल्या आजाऱ्याचं पाणी मात्र अडवू नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त दिसलं, तर थेट डॉक्टरांकडे.