नळजोडणीची फी घराच्या आकारावर ठेवताय? आधी कोठा वगळा

शेजारच्या गावातल्या पाणी समितीचे दोघे परवा घरी आले होते. नव्या घरांच्या नळजोडणीची फी त्यांना घराच्या आकारावर ठेवायची आहे, आणि आमचा ठराव नमुना म्हणून हवा होता. मी दिला नाही. त्या ठरावाने आमची जी फजिती केली, ती आणखी एका गावाची कशाला करायची? चहा होईपर्यंत तोंडी जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

पहिलं आणि शेवटचं: कोठा, म्हणजे ढोरं बांधायची जागा, वगळा. ठरावात, अक्षरांत लिहून वगळा. बाकी काही विसरलात तर निस्तरता येतं.

आकारावर फी का, हे तुम्हाला पटलेलं असेलच, म्हणून थोडक्यात. आमचं गाव खारपाणपट्ट्यात. बोअर मारली की खारट पाणी. त्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. शहानूरचं असो की वानचं, धरणावरून पाइपाने येणाऱ्या पाण्याशिवाय नवं घर बांधणाऱ्याला दुसरी वाट नाही. वाट नसली की फी जास्त बोचते. जलजीवन मिशन २०१९ मध्ये आलं आणि तेव्हा उभ्या असलेल्या घरांच्या दारात नळ आले. प्रश्न त्यानंतर उठलेल्या घरांचा. त्यांना आमच्याकडे सरसकट २,००० रुपये फी होती. घरकुलवाल्याला तेव्हा सरकार द्यायचं १ लाख २० हजार, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फूट धरा. त्यानेही २,००० द्यायचे आणि रस्त्यावरच्या दुमजली बंगल्यानेही २,०००च. हे खुपत होतं, म्हणून आकार. इथवर आमचं काही चुकलं नाही.

चुकलं ते कागद काढताना. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, म्हणजे घरांच्या आकारणीची नोंदवही. तलाठ्याकडचा ८-अ नव्हे. हे सांगावं लागतं, कारण आमच्या एका सदस्याने खरंच तो आणला होता. तर नमुना ८ मधला क्षेत्रफळाचा आकडा आम्ही उचलला आणि जसाच्या तसा फीच्या तक्त्यात बसवला. त्या आकड्यात काय काय आलं आहे, हे एकानेही विचारलं नाही. वापर लिहिलेला असतो तो निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक असा. माणसं कुठे झोपतात आणि ढोरं कुठे बांधतात, हे त्यातून कळत नाही.

पहिला अर्ज आला एका आजोबांचा. कवेलूचं जुनं घर पावसात बसलं, म्हणून त्याच जागेत त्यांनी दोन खोल्या आणि सपरी (पडवी) बांधली. ३८० चौरस फूट. नमुन्यात त्यांच्या नावावर १,४६०. बैलांचा कोठा, कुटाराची (ढोरांच्या भुशाची) खोली, अवजारांचं टिन, सगळं एकातच. फी निघाली ४,०००. त्यांच्या भिंतीला लागून एका नोकरदाराचा नवा बंगला. खाली ६२०, वर तेवढंच. वरच्या मजल्याची आकारणी व्हायची होती, म्हणून कागदावर नुसते ६२०. दोन संडास, दोन न्हाण्या, गच्चीवर २,००० लिटरची टाकी. त्याची फी २,०००.

आजोबा फीची चिठ्ठी घेऊन ग्रामपंचायतीत आले. ओरडले नाहीत. चिठ्ठी टेबलावर ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “बाबू, माह्या बैलाईले शावर लावून देता का मंग?” सगळे हसले. मीही हसलो. तक्ता माझ्या हातचा होता, हे मग आठवलं.

म्हणून कोठा वगळा. कुटाराची खोली वगळा. कापूस, तूर ठेवायची जागा, अवजारांचं शेड, सांदवाडीतलं उघडं अंगण, गच्ची, हे सगळं नाव घेऊन वगळा. “ते काय, समजूनच घेतील” म्हणू नका. सचिव बदलतो (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात सचिवच म्हणतात), शिपाई बदलतो, आणि समजूत त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावाला जाते. मागे राहतो तो कागद.

सभेत कोणीतरी म्हणेलच की ढोरंही पाणी पितात. पितात ना. उन्हाळ्यात म्हैस ५०-६० लिटर सहज पिते. पण तो हिशेब चौरस फुटांत लागत नाही. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेल्यांचे रिकामे कोठे गावागावांत उभे आहेत. आणि योजनेचा हिशेब माणशी ५५ लिटरचा आहे. कोणी दहा म्हशींचा गोठा घालून दूध विकत असेल तर त्याला धंद्याचा दर लावा. घरच्या बैलजोडीवर नळाची फी लावू नका.

आता माप. टेप घेऊन जावंच लागेल, कागदावर विसंबू नका. आणि माप आतून घ्या. आतून वीस बाय पंधराची खोली ३०० फूट होते. मातीच्या दीड फुटी भिंतींचं घर असेल तर तीच खोली बाहेरून तेवीस बाय अठरा, म्हणजे ४१४. नऊ इंची विटांच्या भिंती असतील तर बाहेरून ३५५ च्या आत. बाहेरून मोजलं की मातीच्या घरातला माणूस भिंतीच्या जाडीचे पैसे भरतो. गरिबाला सूट द्यायला निघालेल्या ठरावाने हे करायचं म्हणजे कमालच.

एकक बघा. २०१५ च्या नियमांनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. तो हिशेब मीटरमध्ये, गाव बोलतं फुटांत. आमच्या तक्त्यात एक घर ५८ चौरस फुटांचं निघालं. संडास असेल, म्हणून पुढे गेलो. ५८ मीटर होते ते, म्हणजे ६२४ फूट. एका चौरस मीटरला १०.७६ चौरस फूट, हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

फीचे स्लॅब, म्हणजे टप्पे, पाडू नका. आम्ही पाडले: ५०० पर्यंत १,०००, हजारापर्यंत २,०००, पुढे ४,०००. परिणाम असा की ९९० वाला २,००० भरतो आणि १,०१० वाला ४,०००. वीस फुटांचे दोन हजार! गवंडीच सांगायला लागले, “भाऊ, नऊशे पंच्याण्णववर थांबवा.” त्यापेक्षा पहिल्या ३०० फुटांना काहीतरी ठोक रक्कम, समजा ५००, आणि पुढे फुटामागे २ रुपये. घरकुल ठोक रकमेत बसतं. आजोबांचे ६६० झाले असते, आणि बंगल्याचे, दोन्ही मजले धरून, २,३८०. दर तुमचे तुम्ही ठरवा, पण पायरी ठेवू नका. वर मात्र कुठेतरी मर्यादा घाला, नाहीतर मोठ्या वाड्याची फी नव्या पंपाच्या किमतीला जाईल.

आणि हो, वाडा म्हटलं की कोठा आलाच. वगळलात ना?

सभेत एक प्रश्न हमखास येतो: “नळ अर्ध्या इंचाचाच न? मंग मले दुप्पट काहून?” याचं उत्तर आधी आपसात ठरवून घ्या, आम्ही तिथेच ततपप केलं. खरं उत्तर असं की नळाच्या तुकड्याचे, फेरूलचे (मोठ्या लाइनीतून नळ काढायचा जोड) आणि रस्ता फोडायचे पैसे सगळ्यांना सारखेच, ते प्रत्यक्ष खर्चाने घ्या. आकारावर घ्यायचा तो टाकीतला आणि मोठ्या लाइनीतला वाटा. मोठं घर म्हणजे जास्त माणसं असं दरवेळी नसतं, हेही कबूल करून टाका. आमच्याकडे आठ खोल्यांच्या वाड्यात म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात, मुलं पुण्यात. पण घर विकलं, भाड्याने दिलं, मुलं परतली, तरी जोडणी तीच राहते. रोज किती पाणी वापरलं त्याचा हिशेब वर्षाच्या पाणीपट्टीत किंवा मीटरवर करा, जोडणीच्या फीत नको. हे दोन्ही एकत्र केलंत की रात्री अकरापर्यंत सभा चालेल. मंगल कार्यालय, हॉटेल यांना इंचाची लाइन हवी असेल तर तिचा दर वेगळा; इंचाच्या पाइपाचं तोंड अर्ध्या इंचाच्या चौपट असतं. नळाला टिल्लू पंप लावून पाणी ओढणाऱ्याला दंड, तो तर वेगळाच विषय आहे आणि मला आता त्यात शिरायचं नाही.

सांडपाणी. जोडणी म्हणजे पाणी आणि गटार दोन्ही, असं कुठेतरी वाचून आमच्यातल्या एकाने “मलनिस्सारण जोडणी फी” असा रकाना घातला. गावात मलनिस्सारण कुठे आहे? नाली आहे, तीही उघडी. नसलेल्या वस्तूचे पैसे मागू नका. पण प्रश्न खोटा नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि पाणी पीत नाही, त्यामुळे शोषखड्डा श्रावणात तुंबतो आणि न्हाणीचं सगळं पाणी रस्त्यावर येतं. बंदिस्त नाली टाकली असेल आणि घराचा चेंबर तिला जोडायचा असेल तरच फी घ्या, आणि तिथे चौरस फुटांपेक्षा न्हाण्या-संडास मोजणं जास्त बरं. संडासाचं पाणी नालीत सोडायला मात्र फी घेऊनही परवानगी देऊ नका. खड्डा किंवा सेप्टिक टँक आहे का, ते जोडणीच्या आधी जाऊन डोळ्यांनी बघा. माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पाइपाचे सांधेही सुटतात, तर सांधे करणारा बरा बघा.

वाढीव बांधकाम. आज ३०० फुटांवर जोडणी घेतली, दोन वर्षांनी वर मजला चढवला, मग फरक भरायचा की नाही? लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं. आणि तो मजला कोठ्यावर चढला असेल तर वरचा मोजा, खालचा कोठा नाही. हसू नका, असं एक घर आमच्याकडे आहे.

सभा केव्हा घ्यायची तेही बघा. १ मेला घेऊ नका. आम्ही घेतली. त्या आठवड्यात पाणी आलेलं नव्हतं, ऊन पंचेचाळीसच्या घरात, आणि बाया पाण्याचे रिकामे गुंड (हंडे) घेऊनच सभेत आल्या. फीचा शब्द काढायची सोय राहिली नाही. २६ जानेवारी बरी, तेव्हा टाकी भरते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते. ती कागदावर उरकू नका. कुठल्या घरात कोठा कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते, हे तिथे पाच मिनिटांत कळलं असतं. तिथे कोणालाच नमुना ८ लागत नाही. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. सह्या चहाच्या आधी घ्या.

उरलेलं भराभर. ठरावाआधी दर फलकावर लावा, हरकती लेखी घ्या, त्यांना उत्तर द्या. मापाच्या कागदावर घरमालकाची सही, फोटो जोडा. पावतीशिवाय रुपया घेऊ नका. पैसे पाणीपुरवठ्याच्या खात्यात. हप्ते द्यायचे तर दोनच. जुन्या अर्जांना कोणता दर, तारीख लिहा. आजोबांचा ठराव आम्ही पुढच्या सभेत दुरुस्त केला. तोवर चार महिने ते शेजारच्या बंगल्यातून पाणी नेत होते.

आणि ठरावात हे वाक्य जसंच्या तसं टाका: “नळजोडणी फीसाठी फक्त राहत्या घराचे, सर्व मजल्यांसह, आतील मापाचे क्षेत्रफळ चौरस फुटांत धरण्यात यावे. जनावरांचा कोठा, कुटार व शेतमाल ठेवण्याची जागा, अवजारांचे शेड, उघडे अंगण व गच्ची धरण्यात येऊ नये.”

सचिव ते लिहीत असताना मागे उभे राहा. कोठा शब्द आला का बघा, मगच सही करा. माइक, खुर्च्या, सतरंजी, ते पोरं करतात.